हाकेचा रकाना

धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, लागली की आमची ओपीडी ओस पडते. एरवी ज्या बाकावर टेकायला जागा नसते, तिथं एखादी म्हातारी पाय वर घेऊन निवांत झोपलेली दिसते. कंबरदुखी, अंगावरून जाणं, खोकल्यासरशी लघवी सुटणं, सगळी दुखणी बायांबरोबर बांधीत, धानाच्या खाचरात, उतरतात आणि पोळ्यापर्यंत वर येत नाहीत. आमचे वॉर्डबॉय रामचरणभाऊ यंदा हंगामाच्या सुरुवातीला पंखा बंद करता करता म्हणाले, "मॅडम, रोपा चालू हो गया, अब पोले तक आराम करो." गोंदिया शहरात हिंदी अशीच मराठीच्या मांडीला मांडी लावून बसलेली असते. मी हो म्हटलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. खिडकीतून धानाच्या बांध्या दिसत नाहीत, पण वारा फिरला की कालवलेल्या चिखलाचा वास येतो. तो वास आला की माझं मन काही जागेवर राहत नाही. ते उठतं आणि काही वर्षांपूर्वीच्या एका रोवणीत जाऊन बसतं.

मी मूत्रविकारांची डॉक्टर. ओटीपोटातल्या नसा आणि लघवीची पिशवी यांचं आपापसात जे बोलणं चालतं, ते ऐकायचं माझं काम. पिशवी भरत आली की नस वर कळवते, वरून उत्तर येतं, थांब जरा, किंवा जा आता. धडधाकट माणसाला या बोलण्याचा पत्ताही नसतो. अवघड बाळंतपणात नाहीतर अपघातात ती नस दुखावली की मग बोलणं तुटतं आणि माणसाची दैना सुरू होते. त्यात हे दुखणं सांगायचं नसतं. छातीत कळ आली तर माणूस गावभर सांगतो. लघवीचं मात्र बाई नवऱ्यालाही सांगत नाही. माझ्यासमोर बसूनही आधी डोकं दुखतं म्हणून सांगते आणि उठता उठता, दाराची कडी हातात धरून, खरं ते बोलते. त्या कडीपाशी मी कितीतरी वर्षं कान लावून बसले आहे.

अशा बाया प्रत्येक दवाखान्यात थोड्या थोड्याच असतात. थोड्यांवरून काही शिकता येत नाही. म्हणून निरनिराळ्या देशी-परदेशी शहरांतल्या काही डॉक्टरांनी मिळून एक सामाईक डेटाबेस उभारायचं ठरवलं. ओटीपोटाच्या नसांचे आलेख, पिशवीच्या तपासण्या, सोनोग्राफी, दिवसभरात लघवीला गेल्याच्या वेळा, हे सगळं नावगाव पुसून प्रत्येकानं एका ठिकाणी आणून ठेवायचं आणि ज्याला शोध घ्यायचा त्यानं त्यातून घ्यायचं. आमच्याकडच्या चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी जसं कुणा एकाच्या बांधीचं नसतं, तसंच हे, असं मी स्वतःला समजावून घेतलं आणि गोंदियाचाही वाटा असू द्या म्हणून मागे लागले. संगणकाच्या पडद्यावर सगळे बसले होते. कुणीतरी विचारलं, "तुमच्याकडे सोयी आहेत का?" मी म्हटलं, "सोयी बेताच्या आहेत, बाया भरपूर आहेत." हशा पिकला आणि आम्ही आत गेलो.

देवका त्याच उन्हाळ्यात आली. जवळच्या दवनीवाड्याची, तिशीच्या आतबाहेरची, बोलायला फटकळ. दुसऱ्या बाळंतपणात दोन दिवस अडून पडली होती, तेव्हापासून तिला लघवी लागल्याचं कळतच नव्हतं. आमच्या तपासणीत बारीक नळीनं पिशवीत हळूहळू पाणी सोडतात आणि विचारत राहतात, "लागली का?" बहुतेक बाया थोड्याच वेळात चुळबुळ करायला लागतात. देवका छताकडं बघत पडून होती. पिशवी तुडुंब भरली तरी तिचं आपलं एकच, "नाई जी." पिशवीची ताकद शाबूत होती, जा म्हटलं की ती रिकामी होत होती. पण भरली म्हणून वर कळवणारी नसच मुकी झाली होती. मग पिशवी फुगत राहायची, लघवी उलटी वर चढायची, आणि सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांना सूज दिसत होती. तिला आधी एका मोठ्या शहरात कायमची नळी बसवून घ्यायला सांगितलं होतं आणि त्यात काही चूक नव्हती. मीही तेच सांगितलं.

"मंग रोवणीले जाता येईन का?" तिनं विचारलं.

नळी आणि कंबरेला पिशवी लावून दिवसभर गुडघाभर चिखलात वाकायचं कसं? मी नाही म्हटलं. मजुरी बुडेल म्हणून ती हिरमुसली असेल असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "मजुरीचं नाई वो. घरी मी सून, बांधीत मी देवका. तेवढंच तं हाये." मग तिनं माझ्याकडून रोवणीपुरती मुदत मागून घेतली. मी दिली, पण मनातून धास्तावले होते. सूज वाढली असती तर मूत्रपिंडं गेली असती, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत झालं असतं.

डेटाबेससाठी तिची परवानगी घेताना ती म्हणाली, "माजं नाव राहीन का जी त्याच्यात?"

"नाही. नाव कोणाचंच नाही."

"मंग माजं काय राहीन?"

"तुझं दुखणं राहील. त्यावरून दुसऱ्या बायांना उपाय सापडेल."

"वा जी! दुकनं ठेवून घेता अन् नाव वापस देता!" ती हसली आणि तिनं अंगठा न उठवता चांगली ठसठशीत सही केली.

लघवीला गेल्याच्या वेळा लिहून ठेवा, असं चिखलात हात बरबटलेल्या बाईला कोण सांगणार? म्हणून बटणाचं एक लहानसं यंत्र आणवलं होतं. गळ्यात बांधायचं, जाऊन आलं की दाबायचं. ते पिक् असा आवाज करून वेळ साठवून ठेवायचं. देवकाच्या सगळ्या टोळीनं ते बांधून घेतलं, कारण दुखऱ्या बायांबरोबर धडधाकट बायांच्याही नोंदी लागत. बायांनी त्याला ताईत म्हणायला सुरुवात केली. टोळीची म्होरकी सीताबाई, केस पांढरे, आवाज खणखणीत. ती म्हणाली, "भूतखेत तं नाई लागत आमाले, आता मूत बी लागाचं नाई!" आणि त्या हसण्यात माझी निम्मी भीती विरघळली.

रोवणी सुरू झाली. ताईतांतल्या वेळा आमच्याकडून डेटाबेसमध्ये जाऊ लागल्या. बाजाराच्या दिवशी बांधी बंद असते, म्हणून एका बाजाराला देवका सोनोग्राफीला आली. मी पडदा पाहिला, पुन्हा पाहिला, तिला कूस बदलायला लावून पुन्हा पाहिला. मूत्रपिंडांची सूज उतरली होती. औषध नाही, नळी नाही, आणि सूज गायब! "काय केलंस गं?" मी विचारलं. "काय करीन? रोवून राहिलो," ती म्हणाली. मला काही उमगेना, पण जे दिसलं ते मी इमानदारीनं नोंदवून टाकलं.

आणि मग तो निरोप आला. डेटाबेसमध्ये खोटंनाटं शिरू नये म्हणून पुण्याचे डॉक्टर सुहास पहारा देत. माणूस सज्जन, पण संशयी. त्यांनी फार सभ्य भाषेत कळवलं होतं की गोंदियाच्या टोळीतल्या सगळ्या बायांची बटणं रोज एकाच वेळी दाबली जातात. कुणीतरी एकट्यानंच बसून ती दाबलेली दिसतात. शिवाय एका रुग्णाची सूज उपचाराशिवाय उतरलेली, म्हणजे दोघींच्या नोंदींची अदलाबदल झालेली असावी. सबब गोंदियाच्या सर्व नोंदी वगळाव्यात.

तळपायाची आग मस्तकात गेली. वगळाव्यात म्हणे! देवकाला मी तोंडानं सांगितलं होतं, तुझं दुखणं राहील. नाव तर आधीच पुसलं होतं, आता दुखणंही पुसायला निघाले होते. मी लगेच फोन लावला.

"मॅडम, प्रत्येकाच्या पिशवीला आपापली वेळ असते," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "सगळ्यांना एकदम लागेल कशी?"

"लागत नाही. जातात."

"लागल्याशिवाय कुणी कशाला जाईल?"

"सर, तुम्ही कधी रोवणी पाहिली आहे का?"

"नाही."

"मग या. अजून आठवडाभर चालेल."

खरं तर मी फोनवरच सगळं सांगू शकले असते. मी गोंदियाजवळच्या कामठ्याची. शाळेला सुट्टी असली की आईबरोबर बांधीत जायची. रोवणीत बाया एका ओळीत वाकून मागं मागं सरकत जातात. एकटी कुणी उठून गेली तर तिची पात मागं राहते, ओळ वाकडी होते, आणि शेजारणीला तिचंही रोवावं लागतं. शिवाय धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, साप असतो, रस्त्यानं माणसं जातात. म्हणून एकटीनं जायचं नाही. म्होरकी ओळीचा अंदाज घेते, हाक देते, आणि लागलेली, न लागलेली, सगळी टोळी एकदम उठते. आई चिखलाचे हात मागं धरून पुढं चालायची आणि मी तिचा पदर धरून. त्या हाकेची मला लहानपणी गंमत वाटायची. आभाळ भरलेलं, पाण्यात बगळे, आणि सगळ्या बाया रांगेनं बेशरमाच्या झुडपांकडं निघालेल्या. लोकांना या झुडपाचं नाव ऐकून हसू येतं. आमच्या बायांची लाज मात्र वर्षानुवर्षं त्यानंच राखली आहे. पण हे फोनवर सांगितलं असतं तर सुहास सरांनी "रंजक आहे" म्हटलं असतं आणि वगळलं असतं. मला त्यांना तिथं उभं करायचं होतं.

आणि ते आले की! गाडीतून उतरले ते पांढरे शुभ्र बूट घालून. दवनीवाड्याच्या धुऱ्यावर सीताबाईनंच त्यांना अडवलं. "बूट काढा जी, नाईतं चिखलच काढून घेईन." सरांनी मुकाट्यानं बूट काढले, पँट दुमडली आणि घसरत घसरत धुऱ्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले. सर थोडा वेळ बायांच्या हातांकडे पाहत राहिले. रोपांच्या पेंढीतून चार काड्या निघायच्या, बोट चिखलात जायचं, काडी उभी. हात दिसायचे नाहीत, नुसती उभी राहिलेली काडी दिसायची. कुणीतरी गाणं धरलं होतं, त्यात मध्येच पुण्याच्या पाहुण्याचं नाव आलं आणि बाया खुसखुसल्या. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. भांडायला म्हणून आणलेला माणूस पाहुणा होऊन बसला होता.

मग सीताबाईनं कंबर सरळ केली, ओळीवरून नजर फिरवली आणि हाक दिली, "चला वंऽऽ!"

पेंढ्या जागच्या जागी राहिल्या. सगळी ओळ एकदम उभी राहिली आणि धुऱ्यावर चढली. सर गोंधळून त्यांच्याकडे पाहायला लागले तशी सीताबाई डाफरली, "तुमी तिकडं तोंड करा जी. बगळे मोजा!" पुण्याचे डॉक्टर सुहास पाठ फिरवून, चिखलानं माखलेल्या पायांवर उभे राहून, बगळे मोजू लागले. मी त्यांच्या शेजारी उभी होते. मागून, झुडपांपलीकडून, गप्पा आणि हसणं ऐकू येत होतं. मग एक पिक् असा आवाज झाला. मग दुसरा. आणि मग पिक् पिक् पिक् पिक्, लाह्या फुटाव्यात तसे सगळे ताईत वाजले.

सरांनी बगळे मोजायचं सोडून दिलं. ते इतके हसायला लागले की घसरून बांधीत बसायचेच बाकी होते. "मॅडम," ते म्हणाले, "मी हरलो." मला वाटतं, माझ्या सगळ्या नोकरीत त्याच्याइतकं गोड वाक्य मी ऐकलेलं नाही.

पण संशयी माणूस हरला तरी विचारायचा थांबत नाही, आणि हा त्यांचा गुण मला तिथंच कळला. बाया परत येताच त्यांनी एकेकीला विचारायला सुरुवात केली, तुम्हाला लागली होती का? "मले तं सकारपासून लागली होती," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "मले नवती, पन आता नाई गेलो तं मंग कवा जावाचं?" शेवटी देवका आली. तिनं विचारण्याआधीच उत्तर दिलं, "मले कुठी लागते जी? बाया उठल्या का संगं उठाचं."

मी सरांकडे पाहिलं आणि सरांनी माझ्याकडे. दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी उजेड पडला. उन्हाळ्यात देवका टोळीत नसते, घरात असते. तिची नस काही सांगत नाही आणि दुसरं सांगणारं कुणी नसतं; पिशवी फुगते, सूज चढते. रोवणीत तिला दिवसभर हाक मिळते. नसेचं काम सीताबाईची हाक करत होती! वेळ ठरवून लघवीला जायचं, लागायची वाट पाहायची नाही, हा उपचार तर पुस्तकात आहेच. फक्त आम्ही तो अजून देवकाला सांगितला नव्हता, कारण तपासणीत रिकामी झालेली पिशवी घरीही तेवढ्यानं ऐकेल याची खात्री कुणालाच नव्हती. आता खात्री समोर उभी होती, गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि विचारत होती, "काऊन हासून राहिले वो तुमी दोघं?"

मी तिला धुऱ्यावर बसवून सगळं समजावलं. नळी लागणार नाही, हेही सांगितलं. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि रडली. सीताबाईनं तिच्या पाठीत चिखलाचा पंजा ठेवला आणि म्हणाली, "रडतं कायले वं? ऊठ, पात मांगं राहून राहिली."

सुहास सरांनी परत जाऊन स्वतःच सगळ्या केंद्रांना लिहिलं. गोंदियाच्या नोंदी राहिल्या. नुसत्या राहिल्या नाहीत, त्यांच्यामुळं डेटाबेसमध्ये एक नवा रकाना आला. वेळेच्या शेजारी आता विचारलेलं असतं: स्वतःला लागली म्हणून गेलात, की दुसऱ्याच्या हाकेवर? हा रकाना उघडला आणि ठिकठिकाणच्या बाया त्यात दिसायला लागल्या. घंटा झाल्याशिवाय वर्ग सोडता न येणाऱ्या शिक्षिका निघाल्या. बदली माणूस आल्याशिवाय जागा न सोडणाऱ्या नर्स निघाल्या. परदेशातल्या एका केंद्रानं कळवलं की त्यांच्याकडच्या फळं तोडणाऱ्या मजूर बायांच्या नोंदी त्यांनी खोट्या समजून बाजूला ठेवल्या होत्या, त्या आता परत घेतल्या आहेत. तो निरोप मी ओपीडीत मोठ्यानं वाचून दाखवला. रामचरणभाऊंनी काही न कळताही टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांना चहा पाजला.

या हाकेचं मी फार कौतुक करते असं कुणी म्हणेल. तसं नाही. हाक येईपर्यंत दाबून धरणाऱ्या बाया असतात, जायला लागू नये म्हणून उन्हातही पाणी न पिणाऱ्या असतात, आणि त्यांची जळजळ, त्यांचे ताप मीच तपासते. बांधीजवळ आडोसा अजूनही बेशरमाचाच आहे, याचा मला संताप येतो. ताईतांच्या वेळा दाखवून आम्ही सीताबाईकडून दिवसाला एक हाक वाढवून घेतली आणि हाकेआधी पाणी प्यायचा नियम करून घेतला. ती आधी कुरकुरली. मग तिनं तो नियम असा काही लावून धरला की न पिणारीला शिव्या बसू लागल्या.

रोवणी संपल्यावर देवकाला मी मोबाइलचा गजर लावून दिला. तिला तो आवडला नाही. "ते बोंबलते जी, बोलवत नाई," ती म्हणाली. मग तिच्या पोरीनं ते काम अंगावर घेतलं, आणि पोरगी शाळेत असली की शेजारच्या जाऊबाईनं. गजरही असतो उशाशी, पण त्याच्यावर भिस्त नसते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात सूज आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

परवा रामचरणभाऊंना ओपीडी सांभाळायला सांगून मी दवनीवाड्याला गेले. टोळीच्या रोवणीचा शेवटचा दिवस होता, बोजाऱ्याचा. शेवटची पेंढी रोवली की बाया एकमेकींना चिखल फासतात आणि शेतमालकाकडून जेवण घेतात. यंदा सीताबाई बांधीत नव्हती. गुडघे गेले तिचे. ती धुऱ्यावर प्लास्टिक पांघरून बसली होती आणि तिथूनच सगळ्यांना रागे भरत होती. मी तिच्याजवळ बसले. तिनं डब्यातला भात आणि जवसाची चटणी माझ्यापुढं केली. मी ताईत गळ्यात घालून आले होते, कारण धडधाकट माणसांच्या नोंदी अजूनही लागतात, आणि सकाळपासून मी तो एकदाही दाबलेला नव्हता. डॉक्टर लोकांचं हे असंच असतं, सांगायचं जगाला.

ओळ मागं मागं सरकत धुऱ्याजवळ आली. मधली एक बाई उभी राहिली, तिनं ओळीवरून नजर फिरवली आणि हाक दिली, "चला वंऽऽ!" सीताबाईच्या हाकेसारखीच खणखणीत. ती देवका होती. सगळी टोळी उठली.

"ती?" मी सीताबाईला विचारलं.

"मंग कोन? बाकीच्याईले लागते, त्या चुकवतेत. इले लागत नाई, ई चुकत नाई," सीताबाई म्हणाली.

देवका धुऱ्यावर चढून माझ्यासमोर थांबली. "चला, डाक्टरीन बाई."

"मला नाही गं लागली."

"लागाची वाट कायले पाहाची?" ती म्हणाली आणि चिखलाचा हात माझ्यापुढं धरला.

तो हात धरून मी उठले. लहानपणी आईचा पदर धरून जायची तशी तिच्या मागून गेले. आल्यावर सगळ्यांचे ताईत वाजले, त्यात माझाही वाजला. संध्याकाळी माझी नोंद चढवताना तो रकाना समोर आला. स्वतःला लागली म्हणून, की दुसऱ्याच्या हाकेवर? मी दुसऱ्याच्या हाकेवर असं नोंदवलं. कोणाच्या, ते लिहायला तिथं जागा नाही. म्हणून तिला विचारून, तिच्या हौसेखातर, ते नाव मी इथं लिहिते आहे. देवकाच्या.